परदेशातलं उपकरण कोकणातल्या घरात लावण्याआधी

कुवेत, दुबई, मस्कतहून गणपतीला गावी येणाऱ्यांच्या बॅगेत एखादी किटली, इस्त्री नाहीतर मिक्सर असतोच. ती वस्तू बोर्डात लावायची घाई करू नका.

आधी उपकरणाच्या बुडाशी किंवा मागे चिकटवलेली पट्टी वाचा. तिच्यावर व्होल्ट, हर्ट्झ आणि वॅट हे तीन आकडे असतात. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. कुवेत, ओमान, दुबईकडेही २२० ते २४० व्होल्ट, ५० हर्ट्झच, त्यामुळे तिथलं उपकरण इथे चालतं. अमेरिकेत १२० व्होल्ट, जपानमध्ये १००. मोबाईल-लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा ‘१००-२४०’ असं छापलेलं असतं, तसं असेल तर काळजी नाही. पण नुसतं ‘१२०’ लिहिलेली इस्त्री आपल्या विजेवर लावली तर व्होल्टेज जवळजवळ दुप्पट आणि उष्णता साडेतीन पटींहून जास्त होते. ती काही क्षणांत जळते. पिना बदलणारा अॅडॉप्टर व्होल्टेज बदलत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

आता वॅट. मला सर्वात जास्त काळजी इथेच वाटते, कारण व्होल्टेज जुळलं की लोक निर्धास्त होतात. आखातातल्या बऱ्याच किटल्या ३००० वॅटच्या असतात. ३००० भागिले २३० म्हणजे १३ अँपिअर. आपल्या पंख्या-दिव्याच्या बोर्डावरचा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे जेमतेम १३८० वॅटचा. त्यात अॅडॉप्टर खुपसून किटली लावली की सॉकेट वितळतो. अशा वस्तूला १६ अँपिअरचा मोठा सॉकेटच हवा, आणि त्याच्या मागची वायरही तेवढी जाड हवी. जुन्या घरात वायरमनकडून ती आधी तपासून घ्या. चौकोनी पिनांचा प्लग काढून त्याच्याकडूनच १६ अँपिअरचा थ्री-पिन बसवून घेणं उत्तम. अर्थची पिन कधीही मोडू नका. जांभ्याच्या जमिनीत मे महिन्यात ओल उरत नाही, अर्थिंग कमजोर पडतं, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा.

अमेरिकेतला मिक्सर वापरायचाच असेल तर स्टेप-डाऊन, म्हणजे व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर घ्या, मिक्सरच्या वॅटच्या दीडपट क्षमतेचा. इस्त्रीसाठी मात्र तो खर्च करू नका, इथे नवी स्वस्त पडेल. ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही, म्हणून ६० हर्ट्झचं, विजेवर चालणारं जुनं घड्याळ तो लावूनही तासाला दहा मिनिटं मागे पडतं.

पहिल्या वापरानंतर बटण बंद करा, प्लग काढा आणि त्याला हात लावून पाहा. चटका बसत असेल तर वायरमन येईपर्यंत पुन्हा लावू नका.