डीलरची दोन्ही पाने उघडी: ‘डबल एक्स्पोजर’ ब्लॅकजॅक कसे खेळावे

ब्लॅकजॅकमध्ये पानांची बेरीज एकवीसच्या वर न जाऊ देता डीलरपेक्षा, म्हणजे कॅसिनोतर्फे पाने वाटणाऱ्यापेक्षा, जास्त करायची असते; एकवीस ओलांडले की तो हात बाद. नेहमीच्या ब्लॅकजॅकमध्ये डीलरचे एक पान उघडे आणि एक झाकलेले असते, आणि खेळाडूचे बहुतेक निर्णय त्या झाकलेल्या पानाच्या अंदाजावर बेतलेले असतात. ‘डबल एक्स्पोजर’ या प्रकारात हा अंदाजच उरत नाही, कारण डीलर स्वतःची पहिली दोन्ही पाने उघडी मांडतो. लास व्हेगासमध्ये बॉब स्टुपॅक यांनी १९७९ साली सुरू केलेल्या ‘वेगास वर्ल्ड’ कॅसिनोमुळे हा प्रकार लोकांच्या परिचयाचा झाला. पहिल्यांदा पाहणाऱ्याला कॅसिनोने आपले नुकसान स्वतःहून ओढवून घेतले आहे असे वाटते. तसे अर्थातच नसते. झाकलेले पान दिसण्याचा फायदा दहा टक्क्यांच्या घरात जातो आणि कॅसिनो तो दोन नियमांच्या वाटेने जवळजवळ पूर्ण परत घेतो. हे दोन नियम ज्याला नीट उमगले, त्याला या खेळाचे डावपेच पाठ करावे लागत नाहीत. ते त्या नियमांतूनच निघतात.

पहिला नियम बरोबरीचा. साध्या ब्लॅकजॅकमध्ये खेळाडूची आणि डीलरची बेरीज सारखी आली की पैज परत मिळते. येथे ती डीलर घेतो. साध्या खेळात शंभर डावांपैकी साधारण आठ-नऊ डाव बरोबरीत सुटतात, आणि ते सगळे येथे हरलेल्या खात्यात जातात. दुसरा नियम ब्लॅकजॅकच्या मोबदल्याचा. एक्का आणि दहाच्या किमतीचे पान पहिल्या दोन पानांतच आले तर साध्या खेळात दीडपट रक्कम मिळते, येथे फक्त पैजेइतकीच. सरासरी एकवीस डावांतून एकदा ब्लॅकजॅक येतो, त्यामुळे एवढ्या एका बदलाची किंमत पैजेच्या दोन टक्क्यांहून थोडी जास्त होते. दोघांनाही ब्लॅकजॅक आला तर मात्र बहुतेक टेबलांवर खेळाडू जिंकतो. ‘बहुतेक’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, म्हणून बसण्यापूर्वी ते विचारून घ्यावे.

बाकीची मांडणी ओळखीची आहे. सहा किंवा आठ कॅट एकत्र पिसलेले असतात. राजा, राणी, गुलाम आणि दश्शी यांची किंमत दहा, आणि एक्क्याची सोयीप्रमाणे एक किंवा अकरा. एक्का अकरा धरूनही बेरीज एकवीसच्या आत राहत असेल तर त्या हाताला सॉफ्ट म्हणतात, एरवी हार्ड. डीलर सोळापर्यंत पान घेतो आणि सतराला थांबतो. सॉफ्ट सतरावर काही टेबलांवर तो आणखी पान घेतो, आणि ते खेळाडूच्या तोट्याचे असते. डीलरला ब्लॅकजॅक लागला असेल तर तो समोर दिसतोच, त्यामुळे इन्शुरन्सचा, म्हणजे डीलरच्या संभाव्य ब्लॅकजॅकवर लावायच्या वेगळ्या पैजेचा, प्रश्न उद्भवत नाही, आणि डाव तेथेच संपतो.

आता मुख्य गोष्ट. साध्या ब्लॅकजॅकमधला खेळाडू आधी स्वतःची बेरीज पाहतो आणि मग डीलरच्या पानाकडे वळतो. येथे हा क्रम उलटा करावा. आधी डीलरच्या हाताकडे पाहून एकच प्रश्न विचारावा: याचा हात पक्का झालेला आहे, अडकलेला आहे, की अजून घडायचा आहे? सतरा ते वीस म्हणजे पक्का हात, आणि शंभर डावांपैकी सुमारे ३० वेळा तो तसा येतो. हार्ड बारा ते सोळा म्हणजे अडकलेला हात, कारण डीलरला पान घ्यावेच लागणार आणि बाद होण्याचा धोका पत्करावाच लागणार. असे शंभरात सुमारे ३८ वेळा घडते. अकरा किंवा त्याहून कमी बेरीज असलेला हात अजून घडायचा असतो. थोडे सॉफ्ट हात आणि ब्लॅकजॅक उरतात.

पक्क्या हातासमोर विचार करण्यासारखे फार काही नसते, मात्र जुनी सवय मोडणे जड जाते. डीलरकडे अठरा असतील तर तुमचे अठरा म्हणजे हरलेला डाव, आणि तुमचे सतराही तसेच. म्हणून डीलरच्या बेरजेच्या वर जाईपर्यंत पान घेत राहावे, मग हातात काहीही असो. डीलरचे सतरा आणि आपलेही सतरा असताना पान घेतले तर तेरापैकी चार पाने आपल्याला जिंकवतात. न घेतल्यास एकही नाही. डीलरचे वीस आणि आपलेही वीस, ही या खेळातली सर्वांत विचित्र स्थिती. तेथेही पान घ्यावे लागते, आणि फक्त एक्काच वाचवतो. वीसवर पान मागणारा खेळाडू पाहून शेजारी बसलेले चमकतात, पण गणित त्याच्याच बाजूने असते.

पक्क्या हातासमोर दोन गोष्टी सहज निसटतात. पहिली अशी की येथे डबल करण्याचा, म्हणजे पैज दुप्पट करून एकच पान घेण्याचा, मोह आवरावा. समजा, डीलरचे सतरा आहेत आणि आपले अकरा. साध्या खेळात अकरावर डबल करणे हा धर्मच मानला जातो. पण डबल केल्यावर एकच पान मिळते, आणि त्या एका पानाने सतराच्या वर जाण्याची शक्यता शंभरात ५४ एवढीच आहे. डबल न करता गरजेप्रमाणे पाने घेत गेल्यास तीच शक्यता सुमारे ७१ होते. पैज दुप्पट करून जिंकण्याची संधी इतकी कमी करून घेण्यात काही अर्थ नाही. दुसरी गोष्ट जोडी फोडण्याची, म्हणजे सारख्या किमतीची दोन पाने वेगळी करून, तेवढीच आणखी पैज लावून दोन हात खेळण्याची. डीलरचे सतरा असताना दोन अठ्ठ्या आल्या, तर सोळा धरून पान घेणारा शंभरात जेमतेम ३३ वेळा जिंकतो. त्या फोडल्या तर आठपासून सुरू होणारा प्रत्येक हात सुमारे ६६ वेळा जिंकतो, म्हणजे तोट्याचा डाव नफ्याचा होतो. डीलरच्या अठरासमोर दोन नव्व्यांचेही तसेच आहे. न फोडता पान घेतल्यास तेरापैकी तीनच पाने उपयोगाची. फोडल्यावर प्रत्येक हाताची शक्यता शंभरात ५९ च्या जवळ जाते.

अडकलेला हात मात्र या खेळाचे खरे धन आहे, आणि जिंकायचे पैसे बहुतांश येथूनच येतात. प्रत्येक किमतीचे पान तेरात एकदा आणि दहाच्या किमतीचे तेरात चारदा येते असे धरले, तर डीलर बाद होण्याची शक्यता हार्ड बारावर सुमारे ४८ टक्के, तेरावर ५२, चौदावर ५५, पंधरावर ५९ आणि सोळावर ६२ टक्के निघते. याचा पहिला अर्थ असा की आपली बेरीज हार्ड बारा किंवा अधिक असेल तर पान घेऊ नये. बाद होण्याचा धोका डीलरलाच घेऊ द्यावा. दुसरा अर्थ जास्त मोलाचा आहे: डीलर तेरा ते सोळा यांत अडकलेला असताना आपल्याकडे काहीही असले तरी पारडे आपल्या बाजूला झुकलेले असते, म्हणून अशा डावात टेबलावर जितके पैसे नियमाने लावता येतील तितके लावावेत.

याचे टोकाचे उदाहरण दश्श्यांच्या जोडीचे. साध्या ब्लॅकजॅकमध्ये वीस फोडणाऱ्याला लोक अडाणी समजतात. येथे डीलरच्या हार्ड सोळासमोर वीसवर थांबलो तर शंभर रुपयांच्या पैजेमागे सरासरी ६९ रुपयांचा नफा होतो. त्याच दोन दश्श्या फोडल्या तर प्रत्येक हात सरासरी ४५ ते ४६ रुपये देतो, म्हणजे दोन्ही मिळून ९१ रुपये. प्रत्येक हात आधीच्या वीसपेक्षा कमकुवत होतो हे खरे, पण लावलेली रक्कम दुप्पट होते, आणि डीलरच्या घसरणीचा लाभ दोनदा मिळतो. पंधरा आणि चौदासमोर हेच खरे. तेरासमोर फरक अगदी थोडा उरतो, ६४ विरुद्ध सुमारे ६२ रुपये. बारासमोर मात्र हिशेब उलटतो (फोडल्यास सुमारे ५४, थांबल्यास ५९), आणि वीस जपून ठेवणे शहाणपणाचे ठरते. तेव्हा दश्श्या तेरा ते सोळासमोर फोडाव्यात, इतरत्र नाही.

हाच तर्क डबलला लागू होतो. डीलर हार्ड पंधरा किंवा सोळावर असेल आणि टेबलाचा नियम आडवा येत नसेल, तर हार्ड पाच ते अकरा यांपैकी कोणत्याही बेरजेवर डबल करावे, कारण एका पानाने आपण बाद होऊच शकत नाही आणि कमकुवत हातही सरासरीने नफा देतो. सोळासमोर तर एक्का-नव्वी या सॉफ्ट वीसवरही डबल करणे थांबण्यापेक्षा फायद्याचे आहे, आणि आकडे दश्श्यांच्या जोडीसारखेच येतात. अडचण एवढीच की पुष्कळ टेबलांवर डबल फक्त हार्ड नऊ, दहा आणि अकरावरच करू देतात. एक्के, अठ्ठ्या आणि नव्व्या यांच्या जोड्या पंधरा-सोळासमोर निःशंक फोडाव्यात.

येथे सॉफ्ट हाताशी गल्लत करू नये. डीलरचे एक्का-पंजी हे सोळाच असले तरी सॉफ्ट सोळा आहेत. त्यावर तो सुमारे ३५ टक्के वेळाच बाद होतो, हार्ड सोळाच्या ६२ टक्क्यांच्या तुलनेत फारच कमी. घाईत सोळा दिसले म्हणून दश्श्या फोडण्याची चूक येथेच होते. सॉफ्ट सोळासमोर आपण हार्ड बारा किंवा वर असलो तर थांबावे, आणि पैसे वाढवण्याची घाई करू नये.

उरला तो अजून घडायचा असलेला हात, म्हणजे चार ते अकरा. चार, पाच, सहा या बेरजा साध्या ब्लॅकजॅकमधल्या त्याच किमतीच्या उघड्या पानासारख्या असतात: बारा किंवा वर असलो तर थांबावे, दहा-अकरावर डबल करावे. सात ते अकरासमोर मात्र बरोबरीच्या नियमाने साध्या खेळातल्या निर्णयांच्या ठरलेल्या तक्त्याला चांगलाच धक्का दिला आहे. साध्या खेळात डीलरच्या दहासमोर सोळावर पान घेतात. येथे गणित थांबायला सांगते. कारण पान घेऊन सतरा-अठरा झाले तरी डीलरच्या तेवढ्याच बेरजेसमोर ते हरतात, म्हणजे पान घेण्याचा धोका पूर्वीइतकाच राहतो आणि त्याचे फळ मात्र कमी होते. त्यातून जी पायरी तयार होते ती लक्षात ठेवायला सोपी आहे. डीलरचे सात असतील तर हार्ड सोळापर्यंत पान घ्यावे, आठ किंवा नऊ असतील तर पंधरापर्यंत, दहा असतील तर चौदापर्यंत आणि अकरा असतील तर तेरापर्यंतच. डीलर जितका बलवान, तितके लवकर थांबायचे, हे प्रथमदर्शनी उलटे वाटते. पण अकरावरचा डीलर सुमारे ३४ टक्के वेळा एकवीस करतो, आणि आपले एकवीससुद्धा त्या बरोबरीत हरते. अशा वेळी चौदावर पान घेऊन बाद होण्यापेक्षा डीलर बाद होण्याच्या २१ टक्क्यांवर भिस्त ठेवलेली बरी. पायरीच्या कडेवरचे हे निर्णय अगदी थोड्या फरकाचे आहेत, सातसमोरचे सोळा तर जवळजवळ समसमान. तेथे चूक झाली तरी फार बिघडत नाही. दश्श्या न फोडणे किंवा अठरासमोर अठरावर थांबणे या चुका मात्र महागात पडतात.

एवढे सगळे बिनचूक खेळले तरी नियमांनुसार कॅसिनोची सरशी एक टक्क्याच्या आतबाहेर राहतेच. चांगल्या नियमांच्या साध्या ब्लॅकजॅकपेक्षा ती सहसा थोडी जास्तच असते. म्हणून टेबल निवडताना चार गोष्टी पाहाव्यात: ब्लॅकजॅकच्या बरोबरीत कोण जिंकतो, सॉफ्ट सतरावर डीलर थांबतो का, डबल कोणत्या बेरजांवर चालते, आणि फोडलेली जोडी पुन्हा फोडता येते का. शेवटच्या दोन नियमांचे महत्त्व येथे साध्या खेळापेक्षा जास्त आहे, कारण नफा मिळवण्याची हत्यारे तीच आहेत. खिशाचा हिशेबही त्यानुसार ठेवावा. एका डावात मूळ पैजेच्या दुप्पट ते चौपट रक्कम सहज लागू शकते, आणि ती नाही म्हणून सोळासमोर जोडी फोडता आली नाही, तर या टेबलावर बसण्याचे कारणच संपते. पैज एवढी लहान असावी की चौपट करताना हात थरथरू नये.

भारतातील वाचकांनी कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. गोव्यात परवानाधारक कॅसिनो चालतात, पण २०२० पासून स्थानिक गोवेकरांना तेथे खेळायला बंदी आहे. महाराष्ट्रात १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अंमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे. घरी बिनपैशाचा सराव करायला मात्र दोन-तीन कॅट आणि काड्यापेटीतल्या काड्या पुरतात. त्यासाठी पाने पिसून डीलरचा हात आधी उघडा मांडावा आणि स्वतःच्या पानांना हात लावण्यापूर्वी तो पक्का, अडकलेला की घडायचा हे मोठ्याने म्हणावे. मगच आपली पाने उलटावीत. हा क्रम अंगवळणी पडला की वीसवर पान मागताना किंवा वीस फोडताना बिचकायला होत नाही.