आंतरराष्ट्रीय संबंध आणि विकास अभ्यासाच्या मास्टर्ससाठी अर्ज करताय? या चुका टाळा

ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी, दिग्रस, दारव्हा भागातली मुलंमुली त्यांचे एसओपी माझ्याकडे वाचायला पाठवतात. एसओपी म्हणजे हा विषय आपल्याला का शिकायचा आहे, हे सांगणारं एक-दोन पानांचं निवेदन. प्रवेशाचा निर्णय घेणारी माणसं गुणपत्रिकेइतकंच हे निवेदन वाचतात, आणि आपली मुलं सगळ्यात जास्त इथेच अडखळतात.

मागच्या वर्षी एका मुलीने लिहून आणलं होतं, ‘लहानपणापासून मला समाजसेवेची आवड आहे. विदर्भात शेतकरी आत्महत्या होतात. जागतिकीकरणाच्या युगात विकास ही काळाची गरज आहे.’ एकही वाक्य खोटं नव्हतं, पण एकही तिचं नव्हतं. मी विचारलं, घरी काय पिकतं? ती म्हणाली, ‘ताई, आमच्या घरी काय हाय लिवाले? कापूस त हाय फक्त.’

मग ती कापसावर बोलायला लागली आणि अर्धा तास थांबली नाही. भाव वाढेल म्हणून वडिलांनी कापूस घरातच ठेवला होता. झोपायच्या खोलीत छतापर्यंत गंजी, अंगाला रात्रभर खाज. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, पण पैशाची घाई म्हणून पहिली वेचणी खासगी व्यापाऱ्याला कमी भावात गेली. त्याच हंगामात, ऑगस्ट २०२५ मध्ये, केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावल्यामुळे कापड उद्योग अडचणीत आला होता.

मी म्हटलं, बाई, हाच तुझा एसओपी. वॉशिंग्टनमध्ये निर्णय होतो, दिल्ली त्यावर उत्तर देते आणि तुझ्या घरातल्या गंजीचा भाव हलतो. याच साखळीला आंतरराष्ट्रीय संबंध म्हणतात. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझील २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेला, जिंकला, आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलरवर तडजोड झाली. २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब देशांनी हाच प्रश्न तिथे मांडला. मालीतला शेतकरी आणि दारव्ह्यातला शेतकरी एकाच जागतिक भावाला बांधलेले आहेत, हे तिला त्या दिवशी कळलं. तिचं पहिलं वाक्य मग असं झालं: ‘नोव्हेंबरमध्ये आमच्या घरात माणसांपेक्षा कापसाला जास्त जागा लागते.’

वरुड-मोर्शीच्या पोरांनी संत्र्यावर लिहावं. बांगलादेशने आयात शुल्क वाढवत नेलं आणि आपल्या संत्र्याची तिकडची बाजारपेठ बसली, हे त्यांनी घरी भोगलं आहे. गडचिरोलीच्या मुलांकडे मेंढा-लेखा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवून २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकणारं गाव. हे आपल्याला शेजारचं म्हणून किरकोळ वाटतं, पण वाचणाऱ्यासाठी तेच मोलाचं असतं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. घरात आत्महत्या झाली असेल तर ती लिहायलाच हवी असं अजिबात नाही. सहानुभूतीवर प्रवेश मिळत नाही, आणि आपलं दुःख अर्जाच्या चौकटीत बसवताना मुलं खचतात. लिहायचंच असेल तर त्यातून तुम्हाला पडलेला प्रश्न लिहा.

दुसरी चूक म्हणजे कोर्सचं नाव पाहून अर्ज करणं. आंतरराष्ट्रीय संबंधांत राज्यं, सुरक्षा, व्यापार, करार यांवर भर असतो. विकास अभ्यासात जमीन, रोजगार, दारिद्र्य, पर्यावरण. वेबसाइटवर पेपरांची यादी असते, ती वाचा आणि त्यातल्या दोन पेपरांचं नाव घेऊन तुमचा प्रश्न त्यांना जोडा. एकच एसओपी पाच ठिकाणी पाठवला की लगेच ओळखू येतो. आपल्याकडे बहुतेकांची बीए तीन वर्षांची असते. ब्रिटनमध्ये ती चालते, पण अमेरिकेतली काही विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात. फी भरण्याआधी हे तपासा.

क्रमवारीची गफलत तर फारच महाग पडते. क्यूएस ही संस्था जगातल्या विद्यापीठांची क्रमवारी लावते. विकास अभ्यासात ब्रिटनचं ससेक्स विद्यापीठ तिच्या विषयवार यादीत वर्षानुवर्षं जगात पहिलं आहे, पण एकूण यादीत ते पहिल्या २०० च्या बाहेर आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती एकूण यादी पाहते, विषयवार नाही. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीत १२५ जागा आहेत, पण २०२२ पासून भारतीय संस्कृती, इतिहास किंवा भारतावरचं सामाजिक संशोधन या विषयांना तिथे वाव नाही. ही अट मला अन्यायाची वाटते, कारण आपल्या मुलांचा प्रश्न भारतातलाच असतो. पण ती आहे, म्हणून विषय मांडण्याआधी त्या वर्षीचा शासन निर्णय आणि नियमावली शब्दन् शब्द वाचा.

चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, आणि ‘आपण कुठे नोकरी केली’ म्हणून मुलं आधीच मागे सरतात. अर्धवेळ काम, इंटर्नशिप, स्वयंसेवी कामसुद्धा त्यात धरलं जातं. सर्व्हेला गेलात, संस्थेत बचत गटांचं काम पाहिलं, तर तास लिहून ठेवा आणि संस्थेकडून पत्र घ्या. लोणार तालुक्यातल्या पिंपरी खंदारेचे राजू केंद्रे याच शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआस विद्यापीठात शिकले. आपल्याच भागातलं उदाहरण आहे.

आता कागद. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, डिग्रीवर आईचं नाव जोडलेलं. एकीकडे वानखडे, दुसरीकडे वानखेडे. माझ्याच पासपोर्टमध्ये एका अक्षराचा फरक निघाला आणि तो निस्तरण्यात अडीच महिने गेले. त्या वर्षीचा एक अर्ज राहिलाच. म्हणून सगळ्यात आधी दहावीचं सर्टिफिकेट, डिग्री आणि आधार शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. आधार दुरुस्त करून घ्या, नाव खरंच वेगळं असेल तर राजपत्रात बदल करा, आणि मगच पासपोर्टला जा. पुढचे सगळे अर्ज पासपोर्टवरच्या नावाने भरा. ट्रान्सक्रिप्ट म्हणजे मार्कशीटची झेरॉक्स नव्हे, सगळ्या वर्षांच्या गुणांचा विद्यापीठाने दिलेला अधिकृत उतारा. ते विद्यापीठातून वेगळं काढावं लागतं, आणि अमरावती-नागपूरच्या दोन चकरा धरूनच चला. कास्ट व्हॅलिडिटीलाही वेळ लागतो.

शिफारसपत्राचं दुखणं सगळ्यांना माहीत आहे. सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ मग दोन्ही पत्रं एकाच हाताची दिसतात. सरांना एका पानावर मुद्दे द्या: कोणता पेपर, कोणता प्रकल्प, वर्गात काय मांडलं होतं. इंग्रजीची अडचण असेल तर त्यांनी मराठीत सांगावं आणि इंग्रजीच्या मॅडमची मदत घ्यावी. कॉलेजचा अधिकृत ईमेल नसेल तर प्रवेश कार्यालयाला आधीच विचारा की लेटरहेड, शिक्का आणि फोन नंबर असलेलं पत्र चालेल का. शिफारसपत्र भरायची लिंक विद्यापीठ सरांच्या ईमेलवर पाठवतं, आणि ती बहुतेक वेळा स्पॅममध्ये जाऊन पडते.

पैशाबाबत घरी लवकर बोला. ‘वावर गहाण ठेवू’ असं वडील सहज म्हणतात, पण शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून बँका सहसा घेत नाहीत. ब्रिटनच्या व्हिसाला सातबारा चालत नाही. पैसा खात्यात सलग २८ दिवस दिसावा लागतो. पूर्ण शिष्यवृत्ती असेल तर हा प्रश्न सुटतो. एजंट फुकट काम करतो म्हणाला, तर त्याला कमिशन कोणतं विद्यापीठ देतं ते विचारा.

देशातले पर्याय कमी समजू नका. दिल्लीचं जेएनयू आणि टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), दोन्हींचा रस्ता आता सीयूईटी-पीजी या सामायिक प्रवेश परीक्षेतून जातो, आणि टिसचं तुळजापूर केंद्र तर आपल्याच राज्यात. मात्र सीयूईटीचा फॉर्म भरला म्हणजे झालं, असं समजून दर वर्षी मुलं बाहेर राहतात. विद्यापीठाच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते.

शेवटची तारीख दिसली की वेळही बघा. लंडनचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेपाच. पण त्या हिशेबावर राहू नका. लाइन गेली, ओटीपी आला नाही, की संपलं. दोन दिवस आधी सबमिट करा, पोचपावतीची पीडीएफ काढून ठेवा, आणि लगेच सरांना फोन लावा: ‘सर, लिंक आली का? स्पॅममध्ये पाहता का एकदा?’