भांडी आपटून राग जात नाही, मग काय करायचं?

राग आला की माझा हात पहिला कढईकडे जायचा. घासलेली कढई रॅकवर ठेवायची नाहीच, आदळायची, मग झाकणं, मग कुकर, आणि प्रत्येक आवाजासोबत मनात तेच वाक्य, "मला असं बोलूच कसं शकतात". दहा मिनिटांनी ओटा लख्ख आणि मी आधीपेक्षा जास्त पेटलेली. बरीच वर्षं वाटायचं की निघतोय राग, निघू दे. तो निघत नसतो, आपण त्याला वारा घालत असतो. हे कळलं तेव्हापासून हालचाल आणि मन यावर मिळेल ते वाचतेय आणि घरात करून बघतेय, त्यातलं जे कामाला आलं ते सांगते.

अमेरिकेत ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने २००२ साली ६०० कॉलेजच्या मुलामुलींवर प्रयोग केला. त्यांच्या निबंधावर मुद्दाम खवचट शेरे मारून त्यांना चिडवलं, मग काहींना पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले आणि सांगितलं की ज्याने शेरा मारला त्याचाच विचार करा, काहींना सांगितलं की व्यायाम समजून मारा, आणि काहींना दोन मिनिटं नुसतं बसवलं. सगळ्यात जास्त रागात कोण राहिलं, तर त्या माणसाचा विचार करत ठोसे मारणारे, आणि सगळ्यात कमी नुसते बसलेले. नंतर २०२४ मध्ये दीडशेहून जास्त अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हाही हेच दिसलं, शरीर थंड करणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो, शरीर तापवणाऱ्यांनी नाही, जॉगिंगने तर वाढलेलाही दिसला.

म्हणून रागात पहिलं काम म्हणजे हातातली वस्तू खाली ठेवा. दोन्ही तळवे उघडे करून ओट्यावर किंवा मांडीवर टेका. दात आवळलेले असतात ते सोडा, खांदे कानाजवळ गेलेले असतात ते खाली येऊ द्या. मग नाकाने चार मोजत श्वास आत आणि सहा-सात मोजत बाहेर, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून बाहेरचा श्वास लांब हवा. पाच मिनिटं तरी करा, दोन-तीन श्वासांत काही होत नाही. धावायला जायचं असेल तर रोज जा, चांगलंच आहे, पण त्या क्षणी नको.

उदासीचं मात्र बरोब्बर उलट आहे, आणि इथे बरेच जण गोंधळतात, दोन्हीवर एकच औषध लावतात. बाबा गेल्यानंतर आई गॅलरीतल्या खुर्चीतून उठायची नाही. गुडघे ठीक होते, डॉक्टरांनी बघितलं होतं. मी तिला संध्याकाळी कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत न्यायला लागले, पण पंधरा दिवस झाले तरी फरक वाटेना. मग एक दिवस मी तिच्या मागून चालले आणि बघितलं. एका मुठीत पदराचं टोक घट्ट धरलेलं, दुसऱ्या हातात पिशवी, म्हणजे दोन्ही हात बांधल्यासारखे, नजर चपलांवर, चपला फरफटत. ती चालत होती पण चालण्यातसुद्धा ती त्या खुर्चीतच बसलेली होती, असं मला वाटलं.

जर्मनीत योहानेस मिखालाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिप्रेशनमधल्या लोकांची चाल मोजली होती, २००९ मध्ये. ती हळू असते, हात कमी हलतात, अंग वरखाली कमी होतं, खांदे पुढे पडलेले. २०१५ मध्ये त्यांनी उलटा प्रयोग केला. डिप्रेशन नसलेल्या लोकांना ट्रेडमिलवर नकळत तशा उदास चालीने किंवा आनंदी चालीने चालवलं आणि मध्ये चांगले-वाईट शब्द दिले. उदास चालीने चाललेल्यांना नंतर वाईट शब्द तुलनेने जास्त आठवले. म्हणजे चाल बदलली की मन काय उचलून घरी आणतं तेही थोडं बदलतं.

मग आईची पिशवी मी घेतली, पदर खोचून दिला आणि म्हटलं, आई, हात मोकळे सोड, झुलू दे. वेग वाढव असं सांगितलं नाही. टाच टेकून पुढचं पाऊल जरा उचलून टाकायचं, नजर समोरच्या माणसाच्या पाठीच्या उंचीवर, बस्स. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिने वाटेत थांबून कुणाच्या तरी कुंपणावरची जास्वंद दाखवली, आपणहून. तुम्ही करणार असाल तर मोबाईल हातात नको, पर्सऐवजी पाठीवरची सॅक घ्या, वीस मिनिटं पुरे. आणि "आधी बरं वाटू दे मग जाईन" असं थांबू नका.

आता मान डोलवण्याबद्दल, हे मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं. १९८० मध्ये वेल्स आणि पेटी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना हेडफोन तपासायच्या नावाखाली मान वर-खाली किंवा आडवी हलवत कॉलेजची फी वाढावी की नको यावरचं भाषण ऐकवलं, तर वर-खाली हलवणारे भाषणाशी जास्त सहमत झाले. पण २००३ मध्ये पेटी आणि ब्रिन्योल यांनी पुढचं दाखवलं. मुद्दे तकलादू असतील तर मान डोलावणारे उलट कमी पटवून घेतात, कारण मनात जो विचार चालू आहे, "हे काही खरं नाही", त्यावरच त्यांचा भरवसा वाढतो. कढईचं कोडं मला इथे सुटलं. हात आपटताना मनात जे वाक्य होतं तेच पक्कं होत होतं.

म्हणून इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी आधी आपले खरे मुद्दे कागदावर लिहा, मग ते मोठ्याने वाचताना हळूहळू होकारार्थी मान हलवा. "मला जमणार नाही" चालू असताना मान हलवू नका. आणि पॉलिसी विकायला कुणी आलं की आपण भिडेखातर हो हो करत मान डोलावतो, तिथे मान स्थिर ठेवा आणि म्हणा, विचार करून सांगते.

कमरेवर हात ठेवून उभं राहिलं की हार्मोन बदलतात असं फिरत असतं, २०१५ मध्ये २०० लोकांवर पुन्हा करून बघितलं तेव्हा हार्मोन काही बदलले नाहीत, फक्त लोकांना स्वतःला जरा बळ आल्यासारखं वाटलं. हसऱ्या चेहऱ्याचा परिणाम आहे, पण छोटा, आणि दुःखातल्या माणसाला "हस की जरा" म्हणणं मला बरोबर वाटत नाही.

त्यापेक्षा त्याला कुणासोबत तरी हालचाल करायला लावा. एका तालात एकत्र हललं की माणसं एकमेकांशी जास्त जोडली जातात, हे प्रयोगांतही दिसलंय आणि ज्याने शाळेत लेझीम केली किंवा वारीत पावली खेळली त्याला ते सांगायला नको. श्रावणात शेजारी मंगळागौर होती, आई म्हणाली फुगडी नको बाई, पण झिम्म्याला उभी राहिली, टाळी चुकली की परत सुरू.

एक मात्र नीट ऐका. दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक, इच्छा सगळं गेलेलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर हे उपाय पुरे पडणार नाहीत. डॉक्टरांकडे जा, किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फोन करा, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. घरातलं कुणी तसं असेल तर नंबर नुसता पाठवू नका, शेजारी बसून लावून द्या.