धणे, जिरं, शहाजिरं: गाव विचारून आणि वास घेऊन मसाल्याचं सामान कसं घ्यायचं

मार्च-एप्रिल आला की घरोघरी उन्हाळी मसाल्याच्या याद्या निघतात आणि आपण सगळे मिरचीच्या मागे लागतो, ब्याडगी किती, संकेश्वरी किती, रंगाला काश्मिरी टाकायची का, आणि धण्या-जिऱ्याची वेळ आली की नुसतं "अर्धा किलो द्या" म्हणून मोकळे होतो. गोडा मसाला चुकतो तो बऱ्याचदा इथेच, कारण धणे म्हणजे धणे असं नसतंच, कुठल्या जमिनीत, कुठल्या हवेत पिकले आणि कधी कापले यावर त्यांच्यातलं तेल बदलतं आणि तेल बदललं की वास बदलतो.

माझी धाकटी बहीण कॅनडात असते. तिने आईच्याच मापाने गोडा मसाला केला, फोनवर म्हणाली, "ताई, आमटीला साबणासारखा वास येतोय गं." मी म्हटलं धण्यांचा फोटो पाठव. बघते तर बारीक, गोल गोल दाणे, मोहरीपेक्षा थोडेच मोठे. आपले धणे मोठे आणि लांबट असतात, अंड्याच्या आकाराचे. तिथेच उलगडा झाला.

तर धण्यांचे ढोबळ दोन प्रकार. बारीक दाण्याचे, दीड ते तीन मिलिमीटरचे, थंड हवेच्या देशांत म्हणजे रशिया, पूर्व युरोपकडे होतात आणि त्यात सुगंधी तेल साधारण ०.८ ते १.८ टक्के असतं. मोठ्या दाण्याचे, तीन ते पाच मिलिमीटरचे, भारत, मोरोक्को अशा उष्ण भागात होतात आणि त्यात तेल बहुतेक वेळा ०.३५ टक्क्याच्या आतच. म्हणजे एक चमचा ते आणि एक चमचा आपले, तेलात तिप्पट-चौपट फरक सहज पडू शकतो. त्या तेलात सगळ्यात जास्त असतं ते लिनालूल, साधारण ६० ते ८० टक्के, आणि हेच लिनालूल लॅव्हेंडरमध्ये असतं, साबण-अत्तरवाले ते भरपूर वापरतात, म्हणून बहिणीच्या नाकाने जे सांगितलं ते अगदी बरोबर होतं. आपल्या धण्यात तेलच कमी, त्यामुळे लिनालूल पण बेताचं, म्हणून तो वास मऊ, थोडा भुश्यासारखा, खोबरं-तिळाशी जमवून घेणारा. आपला गोडा मसाला या धण्यांवर बेतलेला आहे, त्यामुळे परदेशात बारीक धणे मिळाले तर माप दोन तृतीयांश करा आणि राहिलेला भरणा खोबऱ्या-तिळाने करा, किंवा इंडियन स्टोअरमधून लांबट दाणे शोधून आणा.

आता आपल्याकडचं बघू. बाजारात येणारे धणे मुख्यतः राजस्थानातल्या कोटा-बारां-झालावाड पट्ट्यातले (रामगंजमंडी ही त्याची मोठी मंडी), मध्य प्रदेशात गुना जिल्ह्याकडचे नाहीतर गुजरातेत सौराष्ट्रातले. व्यापारी रंगावरून बदामी, ईगल, स्कूटर, पॅरेट अशी नावं लावतात, पॅरेट म्हणजे पोपटी हिरवा आणि तो महाग. इथे मी स्वतः फसले आहे. एका वर्षी ढिगातले सगळ्यात हिरवेगार धणे जास्त पैसे देऊन आणले, मसाला कुटून आणला आणि डबा उघडला की कच्चट, उग्र वास, ढेकूण चिरडल्यावर येतो तसा. नंतर कळलं की तो वास आल्डिहाइड नावाच्या पदार्थांचा, ढेकणाच्या वासात पण त्याच कुटुंबातली आल्डिहाइडं असतात. हिरव्या कोथिंबिरीत आणि कोवळ्या धण्यात ती भरपूर असतात, दाणा पिकत जातो तशी कमी होतात आणि लिनालूल वर येतं. म्हणून फार लवकर कापलेला माल दिसायला देखणा पण वासाला अपुरा राहू शकतो. सावलीत नीट वाळवलेले पूर्ण पिकलेले धणे पण थोडे हिरवट राहतात, ते चांगलेच असतात, पण हा फरक डोळ्याला कळत नाही, नाकालाच कळतो. मी आता बदामीकडे झुकणारे घेते.

एक गंमत करून बघा. धणा दातात न चावता नखाने दोन फाकांत फोडा, आत पोकळ असतो. फाकेची आतली बाजू मोबाइलचा कॅमेरा झूम करून उजेडात बघा, दोन तपकिरी उभ्या रेघा दिसतील. त्या तेलाच्या नळ्या. दाणा कोवळा असताना बाहेरच्या सालाजवळ पण नळ्या असतात, तो उग्र वास त्यांच्यातला, पिकून वाळताना त्या चपट्या होऊन संपतात आणि आतल्या दोन राहतात. हे बघितल्यावर मला फोडलेले धणे, धण्याची तयार पूड घ्यावीशीच वाटेना, नळी फुटली की तेल उडायला मोकळं.

घ्यायची पद्धत सांगते. दोन-तीन दुकानांतून पन्नास-पन्नास ग्रॅम नमुना आणा, आणताना "हा कुठला माल, नवा की जुना" एवढं विचाराच. धणे-जिरं रब्बीचं पीक, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरतात, फेब्रुवारीपासून नवा माल मंडईत यायला लागतो, त्यामुळे आपला मसाल्याचा मोसम आणि नव्या मालाचा मोसम एकच पडतो, मग जुना कशाला घ्यायचा. घरी प्रत्येक नमुन्यातला एक चमचा खलबत्त्यात फक्त दडपा, पूड नको. सारख्या कपांत टाका, तळाशी नंबर लिहून ठेवा म्हणजे कुठला कप कुठला ते वास घेताना कळत नाही, वरून अर्धा कप कढत पाणी, झाकण, पाच मिनिटं. झाकण सरकवून छोटे छोटे श्वास घ्या. दोन कपांच्या मध्ये स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या, नाक परत जागेवर येतं. वीस मिनिटांनी पुन्हा एकदा वास घ्या, कारण हलके वास पहिले उडून जातात आणि मागे काय राहतं ते तेव्हा कळतं. घरातल्या अजून एका माणसाला पण करायला लावा, माझ्याकडे सासूबाईंचं नाक माझ्यापेक्षा पक्कं आहे, शेवटचा शब्द त्यांचा.

जिऱ्याला पण हेच. आपलं जिरं गुजरात-राजस्थानचं, ऊंझा हा त्याचा मोठा बाजार. त्याच्या तेलात वास देणाऱ्या पदार्थांपैकी क्युमिनाल्डिहाइड आणि गॅमा-टर्पिनिन ही मोठी मंडळी. जुन्या जिऱ्यात गॅमा-टर्पिनिनचं हवेने पॅरा-सायमीन नावाच्या दुसऱ्या पदार्थात रूपांतर होत जातं, म्हणून जुनं जिरं टर्पेंटाइनसारखं लागतं. हा वास आला की भाव कितीही कमी असो, सोडून द्या.

शहाजिऱ्यात तर नावाचाच गोंधळ आहे. या नावाने दोन वेगळ्या झाडांचे दाणे विकले जातात. एक हिमालयातलं, काश्मीर-किन्नौरकडचं काळं जिरं, बारीक, काळपट, वाकडं, चोळलं की जिऱ्याच्याच घराण्यातला पण गोडसर, गवताळ वास, कारण त्यात पण क्युमिनाल्डिहाइड असतं. दुसरं म्हणजे युरोपातल्या राय ब्रेडवर असतं ते कॅरावे, त्याच्या वासात कार्व्होन आणि लिमोनिन हे पदार्थ मुख्य. चोळल्यावर शेपूची आठवण झाली तर ते कॅरावे समजा, शेपूच्या दाण्यात पण कार्व्होनच असतं. आणि पुदिन्याच्या एका जातीत, स्पिअरमिंटमध्ये, याच कार्व्होनचं आरशातलं रूप असतं, अणू तेच, मांडणी उजवी-डावी, आणि नाकाला दोन्ही पार वेगळे लागतात, मला हे दरवेळी नवल वाटतं. बिर्याणीला हिमालयातलं घ्या. गोड्या मसाल्याला कुठलंही चालतं पण कॅरावे असेल तर हात आखडता ठेवा.

जाता जाता बाळंतशेप. आपल्या देशी जातीत कार्व्होनसोबत डिलापिओल नावाचा पदार्थ बराच असतो, युरोपच्या शेपूत कार्व्होनच पुढे. त्यामुळे बाळंतिणीच्या सुपारीला बाहेरच्या देशातला डिल सीड आणला तर चव ओळखीची लागणार नाही.

भाजताना सगळं वेगवेगळं. धणे मंद आचेवर, थेंबभर तेलात, तडतड सुरू झाली की लगेच खाली, जास्त भाजलं की लिनालूल घरभर फिरतं आणि मसाल्यात उरत नाही. जिरं थोडं जास्त सोसतं, त्याला भाजल्यावर शेंगदाणा-कॉफीसारखे खमंग वास नव्याने येतात. पूर्ण गार झाल्यावरच दळा. उरलेले अख्खे दाणे काचेच्या नाहीतर स्टीलच्या घट्ट डब्यात, ओट्यापासून लांब अंधाऱ्या फडताळात ठेवा आणि डब्यावर चिठ्ठी लावा: गाव, दुकान, महिना. माझ्या आत्ताच्या डब्यावर "बदामी, रामगंजमंडी, एप्रिल, सासूबाई पास" असं लिहिलंय.