टपावरचा तंबू डुलतोय? आधी टॉपरखाली बघा

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मोआबच्या बाहेर रात्री दोन वाजता बायकोने कूस बदलली आणि पिकअपच्या टपावरचा अख्खा तंबू होडीसारखा हलला. सकाळी मी बिजागऱ्या तपासल्या, शिडी हलवून पाहिली, तंबूखालच्या आडव्या क्रॉसबारला लटकून पाहिलं. सगळं घट्ट. शेवटी टॉपरच्या, म्हणजे हौद्यावरच्या झाकणाच्या, आत सरपटत शिरलो आणि हौद्याच्या काठाला हात लावला, तर टॉपर काठाला धरून ठेवणारा मागच्या डाव्या कोपऱ्यातला क्लॅम्प दोन बोटांनी फिरत होता. डेन्व्हरपासून साडेतीनशे मैल त्याच अवस्थेत आलो होतो.

तेव्हापासून माझा एकच हेका आहे. तक्रार तंबूत दिसते, दुखणं बहुतेक वेळा त्याच्या खाली असतं. तंबूचं वजन क्रॉसबारवर, क्रॉसबारचं छतावर बोल्टने बसवलेल्या रुळावर, रुळाचं टॉपरच्या छतावर आणि टॉपरचं हौद्याच्या काठावर येतं. बिघाड शोधायचा तर याच वाटेने, पण उलटं, खालून वर जायचं.

नव्या मंडळींसाठी: पिकअप ट्रकच्या उघड्या हौद्यावर फायबरग्लासचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं जे झाकण बसवतात, त्याला इकडे अमेरिकेत कोणी टॉपर म्हणतं, कोणी कॅप, कोणी कॅम्पर शेल. ते मुळात सामान पावसापासून वाचवायला असतं. त्यावर घर थाटायची कल्पना नंतरची, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. नेहमी दिसणाऱ्या चुका अशा.

वजनाचा एकच आकडा वाचणं

रॅक म्हणजे रूळ आणि क्रॉसबारचा सांगाडा. दुकानदार सांगतो, "रॅक सहाशे पौंड घेतो." खरं आहे, पण उभ्या गाडीत. चालत्या गाडीचा आकडा वेगळा आणि बराच कमी असतो, कारण खड्ड्यात आदळताना तेच वजन कितीतरी पट होऊन बसतं. कच्च्या रस्त्यासाठी काही रॅकवाले त्याहूनही कमी, तिसराच आकडा देतात.

माझं उदाहरण घ्या. तंबू 150 पौंड, म्हणजे 68 किलो. रॅक 40 पौंड. चालताना छतावर 190. मुक्कामाला आम्ही दोघं आणि अंथरूण मिळून आणखी 330, म्हणजे उभ्या गाडीत 520. आता चार ठिकाणचे आकडे काढा: तंबूचा, क्रॉसबारचा, रुळाचा आणि टॉपरचा. चौघांत सर्वांत लहान आकडा तोच तुमचा. बहुतेक वेळा तो टॉपरचा निघतो, आणि नेमका तोच कोणी विचारत नाही. आतून आधार नसलेल्या साध्या फायबरग्लास टॉपरवर तंबू लावला तर वॉरंटी जाते, असं अनेक कंपन्या कागदावर लिहून देतात. घ्यायच्या आधी तो कागद वाचा. आतल्या बाजूने धातूची चौकट बसवून वजन थेट हौद्याच्या काठावर उतरवता येतं. खर्च आहे, पण नवीन टॉपरपेक्षा कमीच.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळं-पांढरं स्टिकरही बघा. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. समजा 1,100 पौंड आहे. टॉपरचे 180, रॅक-तंबूचे 190 आणि तुम्हा दोघांचे 300 वजा केले की उरतात 430. त्यातच पाणी, शेगडी, कूलर आणि "असू दे, लागेल" म्हणून घेतलेलं सगळं.

छताला भोक पाडून नुसता नट लावणं

फायबरग्लास दाबाला बरं टिकतं, पण एका टिंबावर आलेला ताण त्याला सोसत नाही. रुळाचे बोल्ट आतून साध्या लहान वायसरवर आवळले की वर्षभरात भोकाभोवती चांदणीसारख्या बारीक भेगा दिसू लागतात. आतून रुंद वायसर तरी हवेत, आणि शक्य असेल तर बोल्टांच्या पूर्ण रांगेखाली अ‍ॅल्युमिनियमची एकच पट्टी. मग ताण पसरतो.

भेगा आधीच पडल्या असतील तर घाबरून लगेच तंबू विकायला काढू नका. भेगेच्या टोकाला पेन्सिलने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. पुढच्या दोन सहलींनंतर भेग रेघेच्या पुढे गेली नसेल तर ती बहुधा वरच्या चकाकत्या थराचीच आहे. पुढे गेली असेल, किंवा आतून दाबल्यावर छत तिथे लवत असेल, तर तंबू उतरवा. नाण्याने आसपास ठोकूनही पाहा. टणक आवाज येता येता मध्येच बद्द आला, की तिथले थर सुटलेत.

केबिनला आणि टॉपरला एकाच रॅकने जोडणं

ही चूक हौशी लोक करतात, त्यातही वेल्डिंग येणारे जास्त. तंबू लांब आहे, मग पुढचा पाय केबिनच्या छतावर आणि मागचा टॉपरवर ठेवू. पण बहुतेक पिकअपची केबिन आणि हौदा चॅसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, वेगवेगळे बसवलेले असतात. एक चाक दगडावर चढलं की चॅसी पिळते आणि दोघं दोन दिशांना कलतात. विश्वास बसत नसेल तर मित्राला एखाद्या चरातून तिरकी गाडी घालायला सांगा आणि बाजूला उभं राहून मधल्या फटीकडे बघा. ही हालचाल रॅकने अडवली तर काहीतरी फाटणारच, आणि फाटतो तो टॉपर. तंबू केबिनवर आला तरी चालेल, टेकता कामा नये. मी चार बोटं मोकळी ठेवतो.

क्लॅम्प एकदा आवळून विसरणं

माझी मोआबची चूक हीच. टॉपर आणि हौद्याचा काठ यांच्यामध्ये फोमची पट्टी असते. नवी असताना ती फुगीर असते, वजनाखाली हळूहळू बसते, आणि बसली की क्लॅम्प आपोआप सैल होतो. त्यात पन्हाळी पत्र्यासारखा खडखडणारा रस्ता लागला की नट फिरायला वेळ लागत नाही. पहिल्या आठवड्यानंतर एकदा, पहिल्या पन्नासेक मैलांच्या कच्च्या रस्त्यानंतर एकदा आणि पुढे प्रत्येक सहलीआधी पाना फिरवा. नट आणि काठ यांच्यावरून रंगाच्या पेनाने एक सरळ रेघ ओढून ठेवली तर पानाही लागत नाही. रेघ तुटलेली दिसली, की नट फिरला.

म्हणून ताकद लावून आवळत सुटू नका. टोयोटा टॅकोमासारख्या पिकअपचा हौदा कंपोझिटचा, म्हणजे तंतू घातलेल्या प्लास्टिकचा असतो, अति आवळलं तर काठच तडकतो. टॉर्क पाना (किती जोर लावला ते दाखवणारा) वापरा आणि माहितीपुस्तिकेतला आकडा पाळा. रॅकचे बोल्ट स्टेनलेसचे आणि नटही स्टेनलेसचे असतील तर आट्यांना अँटी-सीझ वंगण लावायला विसरू नका. कोरडे आवळले, विशेषतः यंत्राने झरझर, तर आटे एकमेकांत रुततात. मग करवतीला पर्याय उरत नाही.

चेन अडकली म्हणून चेनला दोष देणं

घडीच्या मऊ तंबूत तळाची अर्धी फळी गाडीबाहेर येते आणि ती शिडीवर टेकलेली असते. शिडी ही तिथे खांबाचं काम करते. टॉपरमुळे तंबू उंचावर जातो, तंबूसोबत आलेली शिडी अपुरी पडते, मग लोक ती जवळजवळ उभी लावतात किंवा खाली दगड रचतात. वाळूत तर एक पाय रात्रीतून रुततो. फळी एका बाजूला झुकते, कापड तिरकं ताणलं जातं आणि सकाळी दाराची चेन बंद होत नाही. माणूस चेनला वंगण लावत बसतो. लांब शिडी घ्या, तिच्या पायांखाली लाकडाचा सपाट तुकडा टाका, दोघं वर चढून बसल्यावर पुन्हा एकदा खाली उतरून तंबूची फळी समपातळीत आहे का ते बघा. कंटाळवाणं आहे, मान्य.

तंबू मागे उघडायचा की बाजूला, हेही बोल्ट आवळायच्या आधीच ठरवा. मागे उघडला तर शिडी टॉपरच्या मागच्या काचेसमोर येते आणि चहाचा डबा आतच अडकतो.

पाणी आणि धूळ

टॉपरमध्ये ओल दिसली की सगळे आधी तंबूकडे बघतात. बहुतेकदा पाणी रुळाच्या बोल्टांच्या भोकांतून येतं. एकाने टॉर्च घेऊन आत बसावं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडावं, पण तळापासून सुरुवात करून हळूहळू वर. आधीच वरून ओतलं तर पाणी कुठून शिरतं ते कधीच कळणार नाही. भोकांसाठी ब्यूटाइलची (चिकट रबराची) पट्टी सिलिकॉनपेक्षा चांगली: ती मऊ राहते आणि छताबरोबर हलते.

धूळ मात्र मागच्या फाळक्याच्या फटीतून येते, कारण धावत्या गाडीमागे हवेचा दाब कमी होऊन ती आत ओढली जाते. फट बुजवा, आणि टॉपरची पुढची झडप किंवा खिडकी थोडी उघडी ठेवा. आत दाब वाढला की धूळ बाहेरच राहते.

गादीखालची ओल ही गळती नव्हेच. ती तुमचाच श्वास आहे, थंड फळीवर जमलेला. गादीखाली जाळीदार चटई घाला आणि थंडी वाजली तरी दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवा. ओला तंबू घडी घालून घरी आणला असेल तर दुसऱ्या दिवशी उघडून वाळवा, नाहीतर बुरशी धरेल. धरलीच तर पाणी घातलेल्या व्हिनेगरने पुसा. ब्लीच लावलंत तर बुरशीबरोबर कापडावरचा जलरोधक थरही जाईल.

उंची टेपने मोजून सन व्हायझरवर चिकटवा. इकडच्या घरांच्या गॅरेजचं दार साधारण 7 फुटांचं असतं, टॉपर-रॅक-तंबू मिळून गाडी सहज त्याच्या वर जाते. माझ्या शेजाऱ्यांनी माझं प्रात्यक्षिक पाहिलेलं आहे.

आणि यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जाणार असाल तर फिशिंग ब्रिजच्या कॅम्पग्राउंडवर आरक्षण करू नका. अस्वलांमुळे तिथे फक्त टणक भिंतींच्या गाड्यांना मुक्काम करता येतो. कापडी भिंतींचा तंबू जमिनीवर असो की टपावर, तिथे चालत नाही.