खळ्यातून वेस्टा: लघुग्रहाचा फोटो किती शार्प करायचा

आठ इंची दुर्बिणीतून वेस्टावरचे खड्डे पाहायचे असतील, तर आधी हिशोब मांडा. वेस्टाचा व्यास सुमारे ५२५ किलोमीटर. तो सगळ्यात जवळ येतो तेव्हाही आकाशात ०.६ ते ०.७ आर्कसेकंद एवढाच भरतो. एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. आठ इंची आरसा ज्यापेक्षा बारीक दाखवू शकत नाही, ती हद्दही साधारण तेवढीच. अख्खा लघुग्रह एका ठिपक्यात बसला. तरीही एखाद्या शांत रात्री तो शेजारच्या ताऱ्यापेक्षा जरासा फुगीर येतो, आणि तेवढं टिपायलाही सगळी कसोटी लागते.

पहिली कसोटी हवेची. आमचं गाव अमळनेर तालुक्यात. इथे दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतो, म्हणून गच्चीवर दुर्बीण लावूच नका. मी खळ्यात, मातीवर लावतो, आणि आरसा निवावा म्हणून दीड तास आधी बाहेर काढून ठेवतो. रात्रीच्या लाइटीवर हरभऱ्याला पाणी द्यायला निघालेला चुलतभाऊ एकदा डोळा लावून म्हणाला, ‘नाना, तारा हाली राह्यना ना!’ त्याने अचूक सांगितलं. तारा असा हलत असेल तर त्या रात्री रेकॉर्डिंग करू नका. वेस्टा डोक्यावर आला की थांबलेल्या हवेचे काही क्षण मिळतात, ते धरायचे.

तीनपट बार्लो (प्रतिमा मोठी करणारं भिंग) आणि २.९ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा लावला, तर माझ्या १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत वेस्टा जेमतेम चार पिक्सेल व्यापतो. एक्स्पोजर २० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा, पाच हजार फ्रेम घ्या, आणि ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरमध्ये त्यातल्या सगळ्यात चांगल्या पाच टक्केच स्टॅक करा, म्हणजे एकावर एक रचून एक फोटो करा. मग लगेच, फोकसला हात न लावता, जवळच्याच आणि साधारण तेवढ्याच तेजाच्या ताऱ्याचंही असंच रेकॉर्डिंग करा. हे बहुतेक जण टाळतात. मीही टाळलं होतं.

त्या वर्षी मी रजिस्टॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये वेव्हलेटचे, म्हणजे फोटो शार्प करायचे, स्लायडर ओढत गेलो. वेस्टाला उजळ कडा आली, मधोमध काळसर डाग आला. खड्डा सापडला म्हणून मी तो फोटो चार मित्रांना पाठवला. दुसऱ्या रात्री तेच आकडे ठेवून एका ताऱ्यावर चालवले. ताऱ्यालाही तीच कडा आणि मधोमध तोच डाग! ताऱ्यावर खड्डा कुठून येणार? चौघांनाही फोन करून सांगावं लागलं. तेव्हापासून नियम एकच: वेस्टावर जे कराल ते आधी ताऱ्यावर करा. ताऱ्यावर नक्षी उमटली की स्लायडर मागे घ्या.

तारा आणखी एका कामाला येतो. तो खरं तर बिंदू आहे. हवा आणि आरसा मिळून त्याचा डाग करतात. तोच डाग नमुना धरून उलटा हिशोब करायचा, याला डीकॉन्व्होल्यूशन म्हणतात. हाच हिशोब पुन्हापुन्हा फेऱ्यांनी करणारी रिचर्डसन-लूसी पद्धत वापरत असाल तर पाच-दहा फेऱ्यांवर थांबा. पुढे नुसता नॉइज (फोटोतले खोटे कण) टोकदार होत जातो.

चिलीतल्या पारानालच्या व्हीएलटी या महाकाय दुर्बिणीवर हेच तत्त्व चालतं, पण आरसा ८.२ मीटरचा. तिथल्या स्फीअर उपकरणात एक लवचीक आरसा सेकंदाला हजाराहून जास्त वेळा आकार बदलून हवेची थरथर पुसतो. वेस्टा त्यांना जवळजवळ तीस ठिपके रुंद मिळतो. २०१८ साली घेतलेल्या फोटोंवर डीकॉन्व्होल्यूशन केल्यावर रीयासिल्व्हिया विवर आणि त्याच्या मधला वीस किलोमीटरहून उंच डोंगरही दिसला. तो खरा कशावरून? नासाचं डॉन यान २०११-१२ मध्ये वेस्टाभोवती फिरलं होतं. त्याच्या माहितीवरून केलेलं चित्र शेजारी ठेवून ताडता आलं.

हा ताळा तुम्हीही घरी करू शकता. डॉनचा वेस्टाचा फोटो उतरवा, तीस पिक्सेलपर्यंत लहान करा, धूसर करा, थोडा नॉइज टाका, मग शार्प करा आणि मूळ फोटोशी जुळवा. कुठली रेघ परत आली आणि कुठली नवीनच उगवली, हे एका दुपारीत डोळ्याला कळतं. पऱ्हाट्या जाळल्याचा धूर आकाशात असतो त्या दिवसांत मी हेच करत बसतो.

आणि पृष्ठभागाची खरी खूण आठ इंचीतूनही मिळते, ती तेजातून. वेस्टा ५ तास २० मिनिटांत स्वतःभोवती फिरतो आणि त्याची एक बाजू दुसरीपेक्षा उजळ आहे. दर दहा मिनिटांनी, बार्लो काढून, शेजारच्या दोन ताऱ्यांसह फोटो घ्या, तेज मोजा आणि आलेखावर मांडा. फरक साधारण ०.१ प्रतीचा (प्रत म्हणजे तेज मोजायचं माप), म्हणजे अगदी थोडा, म्हणून फोटो ओव्हरएक्स्पोज होऊ देऊ नका. हिवाळ्यात संध्याकाळीच सुरुवात केली तर एका रात्रीत पूर्ण फेरी हाती लागते.