ठाण्याच्या गच्चीवरून तेजोमेघ टिपायचेत? फिल्टर एकच घ्या, पण पारखून घ्या

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून मृग नक्षत्र दिसतं म्हणजे काय, तर चार कोपऱ्यांचे तारे आणि पोटातला बाण. बस्स. खाली क्लब हाउसचा फ्लडलाइट, समोर बांधकामाच्या क्रेनवरचे दिवे. तरी याच गच्चीवरून रोझेट तेजोमेघाच्या (तेजोमेघ म्हणजे अवकाशातला उजळलेला वायूचा ढग) लाल पाकळ्या मी टिपल्यात, त्या नॅरोबँड फिल्टरमुळे. त्याआधी एका चुकीच्या फिल्टरवर पैसे घालवले, तेही ओघात येईलच.

तेजोमेघातला वायू ठरावीक रंगांतच उजळतो. हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीला (एच-अल्फा), ऑक्सिजन ५००.७ ला (ओ-थ्री), गंधक ६७२ च्या आसपास (एस-टू). फिल्टर तेवढीच फट उघडी ठेवतो, बाकी शहराचा उजेड बाहेर. रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे होते तोवर ५८९ नॅनोमीटरचा पट्टा अडवणारे स्वस्तातले फिल्टर चालून जायचे. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश निळ्यापासून लालपर्यंत पसरलेला असतो, म्हणून ते फिल्टर आता कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.

आधी ठरवा, फोटो कशाचा काढायचाय? दीर्घिका, तारकागुच्छ, कृत्तिकेभोवतीची निळसर धूळ यांचा प्रकाश सगळ्या रंगांत असतो. तिथे फिल्टर शहराबरोबर दीर्घिकेलाही कापतो. देवयानी दीर्घिका हवी असेल तर फिल्टरचे पैसे पेट्रोलला वापरा आणि अमावास्येला माळशेजकडे गाडी काढा.

मग कॅमेरा बघा. मोनो (फक्त कृष्णधवल टिपणारा) कॅमेरा असेल तर तीन फिल्टर आणि ते फिरवणारं व्हील, म्हणजे बजेटचं बोलणंच संपलं. रंगीत कॅमेऱ्याला ड्युअल-बँड फिल्टर घ्यावा. एच-अल्फा आणि ओ-थ्री दोन्ही एकाच काचेतून येतात. लाल पिक्सेल हायड्रोजन पकडतात, हिरवे-निळे ऑक्सिजन. मात्र साध्या डीएसएलआरच्या सेन्सरपुढची मूळ काच एच-अल्फाचा जेमतेम पाव हिस्सा आत सोडते. अशा कॅमेऱ्यावर महागडा फिल्टर लावण्याआधी ती काच बदलून घेण्याचा खर्च धरा.

माझा घोटाळा झाला तो आकारात. माझ्या कॅमेऱ्यातल्या एपीएस-सी आकाराच्या सेन्सरचा कर्ण साधारण २८ मिलिमीटर, आणि मी स्वस्त म्हणून सव्वा इंची फिल्टर घेतला. त्याच्या रिंगच्या आतली मोकळी काच जेमतेम तेवढीच. फोटोचे चारही कोपरे काळे! फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजेडाचा फोटो, ज्यावरून कडेचा काळेपणा दुरुस्त करतात) वापरून थोडंफार सावरलं, पण शेवटी तो निम्म्या किमतीत विकला. मायक्रो फोर थर्ड्स किंवा त्याहून लहान सेन्सरला सव्वा इंची पुरतो. एपीएस-सीला सरळ दोन इंची घ्या.

आता पट्ट्याची, म्हणजे फिल्टर उघडी ठेवतो त्या फटीची रुंदी. १२, ७, ३ नॅनोमीटर असे आकडे दिसतील. पट्टा निम्मा केला की आकाशाचा उजेड निम्मा होतो आणि तेजोमेघ तेवढाच राहतो, म्हणून ३ चा मोह होतो. पण किंमत चढते, आणि लेन्स वेगवान (मोठ्या छिद्राची, एफ/चा आकडा लहान) असेल तर प्रकाश तिरका येऊन पट्टा निळ्याकडे सरकतो. ३ नॅनोमीटरमध्ये सरकायला जागाच नसते. एफ/२ ला तर हवा तोच प्रकाश बाहेर राहतो. पहिला फिल्टर म्हणून माझं मत ७ नॅनोमीटर, आणि लेन्स एफ/४ किंवा त्याहून मंद. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर फिल्टर पुढून लावू नका. फ्रेमच्या कोपऱ्यातल्या ताऱ्यांचा प्रकाश काचेवर १५ अंशांनी येतो आणि पट्टा ५ नॅनोमीटरच्या आसपास सरकतो, मग मध्यभागी लाल दिसणारा तेजोमेघ कडेला विझत जातो. अशा वेळी कॅमेऱ्याच्या आत बसणारा क्लिप फिल्टर बरा.

फिल्टर हाती आला की त्याच रात्री तपासा, सेकंडहँड असेल तर पैसे देण्याआधी. खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च काचेमागे धरा आणि फिल्टर हळूहळू तिरका करा. लेपात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं असतील तर ती पांढऱ्या ठिपक्यांसारखी चमकतात. कडेला बुरशीचे कोळिष्टकासारखे धागे दिसले तर परत करा. पुढची परीक्षा आकाशात. मृगाच्या बाणातला अश्वशीर्ष तेजोमेघाशेजारचा तारा टिपा. त्याच्याभोवती मोठं फिकट वर्तुळ आलं, तर प्रत्येक फोटोत ते पुसत बसावं लागेल.

फिल्टर लावल्यावर फोकस नव्याने करा, काचेच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश इतका तो सरकतो. गायडिंग (ताऱ्यावर नजर ठेवून कॅमेरा आकाशाबरोबर नेमका फिरवणारी सोय) असेल तर ३०० सेकंदांच्या फ्रेम घ्या, नसेल तर जमतील तेवढ्या लांब, आणि एकूण चार-पाच तास जमवा. एका रात्रीत नाही झाले तर दोन रात्री. सिरिल हे सॉफ्टवेअर फुकट आहे, ते एच-अल्फा आणि ओ-थ्री वेगळे काढून देतं. पौर्णिमेच्या आसपास एच-अल्फा बऱ्यापैकी मिळतो, ओ-थ्री मात्र चांदण्यात मार खातो.

रोझेट जानेवारीत मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो आणि पुढे येऊरच्या डोंगराकडे झुकतो. ती बाजू जरा काळोखी, म्हणून उशिरापर्यंत जागायची तयारी ठेवा.

जून ते सप्टेंबर फिल्टर एअरटाइट डब्यात, सिलिका जेलसकट. निळे मणी गुलाबी झाले की मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतात, फक्त घरच्या स्वयंपाकाच्या कढईत नको.